टेम्पो नेमका कुणाच्या डोक्यावर लिहायचा?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी तुम्ही मूसस्कोअर या संगीत लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं बसवलंय. वरून खाली मुलांचे दोन आवाज, बासरी, हार्मोनियम, दोन व्हायोलिनी, तबला, ढोलकी, अशा ओळी आहेत. टेम्पो, म्हणजे गाण्याच्या वेगाची खूण, कुठल्याही ओळीवर टाकायला गेलं तरी तो पहिल्या आवाजाच्या डोक्यावरच जाऊन बसतो. व्हायोलिनजवळ आणावा म्हणून तुम्ही तो माउसनं खाली ओढलात, तर तो बासरीच्या सुरांवर आदळला. मग व्हायोलिनच्या वर तोच आकडा साध्या मजकुरासारखा टाइप केलात, तर व्हायोलिनचा पार्ट, म्हणजे तिचा एकटीचा कागद, काढल्यावर त्यावर टेम्पो दोनदा आला. आणि दुसऱ्या अंतऱ्याआधीची ‘रिट.’ (हळूहळू मंद व्हा, ही खूण) प्रिंटमध्ये एक बार, म्हणजे दोन उभ्या रेघांमधलं एक घर, पुढं सरकलेली निघाली. शेवटी तुम्ही विचारलंय, की तबला आणि ढोलकीच्या कागदावर टेम्पो लिहावा की नाही.

पहिलं म्हणजे माउसनं ओढणं आजपासून बंद करा. तुमच्या निम्म्या अडचणी तिथूनच आल्यात. मीही बरीच वर्षं ओढायचो, आणि त्याची किंमत भर कार्यक्रमात मोजलीय.

बारा वादकांचा नाट्यगीतांचा कार्यक्रम होता. स्कोअर, म्हणजे सगळ्यांच्या ओळी एकत्र असलेली प्रत, मी ए-थ्री आकाराच्या पानावर मांडला होता, सगळं डोळ्यांना छान दिसेल असं. ‘रिट.’ जिथं टाकायची ती टाकली बारच्या पहिल्या नोटेवर, कारण तिथं क्लिक करणं सोपं होतं, आणि मग ओढून नेली तिसऱ्या ठोक्यावर. पडद्यावर एकदम बरोबर. आदल्या संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात गेलो तर ए-थ्रीचा कागद संपलेला. म्हटलं, काय बिघडतंय, पानाचा आकार ए-फोर करू, बाकी सॉफ्टवेअर बघून घेईल. सॉफ्टवेअरनं बघून घेतलंच. सगळ्या नोटा जवळ आल्या, ओळी नव्यानं मोडल्या, आणि माझी ‘रिट.’ मात्र ओढली होती तेवढीच उजवीकडं राहिली. आता तेवढं अंतर म्हणजे अख्खा बार होता. कार्यक्रमात क्लॅरिनेट एका जागी थांबायला लागली, व्हायोलिन दुसऱ्या जागी, आणि गायकानं माझ्याकडं असं बघितलं की ते आजही आठवतंय. दोष माझाच होता.

असं का होतं ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. टेम्पोची खूण पानावर मोकळी तरंगत नसते. ती एखाद्या नोटेला किंवा विश्रांतीला दोरीनं बांधलेली असते, गोठ्यातल्या खुंट्याला म्हैस बांधावी तशी. मूसस्कोअरमध्ये खूण माउसनं धरून हलवलीत तर खुणेपासून खुंट्यापर्यंत एक तुटक रेघ दिसते, ती ही दोरी. तुम्ही ओढता तेव्हा खुंटा तिथंच राहतो, फक्त दोरी लांबते. तिची लांबी सॉफ्टवेअर स्टाफच्या, म्हणजे नोटा लिहायच्या पाच रेघांच्या ओळीच्या, दोन रेघांमधल्या अंतराच्या पटीत लक्षात ठेवतं. पानाचा आकार, मार्जिन, एका ओळीतले बार, गाण्याचे शब्द, यातलं काहीही बदललं की नोटा सरकतात. दोरी तेवढीच राहते. म्हणून ‘रिट.’ पुढं गेल्यासारखी दिसते. ती गेलेली नसते, खाली नोटा मागं आलेल्या असतात.

तेव्हा पहिला प्रश्न नेहमी हा विचारा: खूण कुठल्या ठोक्याला बांधलीय? चुकीच्या ठोक्याला असेल तर ओढू नका. खूण निवडा, कंट्रोल-एक्सनं उचला, योग्य नोटेवर क्लिक करा आणि कंट्रोल-व्हीनं तिथं ठेवा. आधी ओढून ठेवलेल्या जुन्या खुणा असतील तर त्या निवडून कंट्रोल-आर दाबा, त्या मूळ जागी परत जातात. सिबेलियस हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणारे कंट्रोल-शिफ्ट-पी दाबतात. तुमच्या फाइलीत हे एकदा सगळ्या टेम्पोंना करून बघा. दोन-तीन खुणा तरी भलत्याच ठिकाणी उडी मारतील. घाबरू नका, त्यांचे खरे खुंटे तिथंच होते. नुसतं झाकलं गेलं होतं.

नवा टेम्पो टाकतानाही आधी नोट निवडायची, मग ऑल्ट-शिफ्ट-टी किंवा टेम्पोची पॅलेट. तिसऱ्या ठोक्यावर बदल हवा असेल तर तिसऱ्या ठोक्याची नोट. त्या ठोक्यावर पहिल्या आवाजाला नोटच नसेल, लांब सूर चालू असेल, तर त्या क्षणी ज्या ओळीत काही वाजतंय तिथली नोट निवडा, म्हणजे तबल्याची किंवा हार्मोनियमची. खूण उमटेल वरच्याच ओळीवर, पण क्षण बरोबर पकडेल. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. तोपर्यंत मी लांब सुरांचे तुकडे करून ते टायनं, म्हणजे सूर जोडणाऱ्या कमानीनं, जोडत बसायचो.

आता दुसरा प्रश्न, जो तुम्ही खरा विचारलाय: तो पहिल्या आवाजावरच का बसतो?

कारण टेम्पो एकट्या ओळीचा नसतोच. स्कोअरमध्ये एकाच वेळी वाजणाऱ्या ओळींचा जो वरपासून खालपर्यंत जोडलेला पट्टा असतो, त्याला सिस्टिम म्हणतात, आणि टेम्पो त्या अख्ख्या पट्ट्याचा. पखवाजवाला वेगळ्या लयीत आणि वीणेकरी वेगळ्या लयीत अशी दिंडी चालत नाही. म्हणून सॉफ्टवेअर टेम्पो एकदाच लिहितं, पट्ट्याच्या माथ्यावर, आणि तो सगळ्यांना लागू धरतं. प्रत्येकाचा पार्ट काढताना हाच एक टेम्पो त्या त्या पार्टवर आपोआप उतरतो. तुम्ही व्हायोलिनवर टाइप केलेला आकडा स्टाफ टेक्स्ट होता, म्हणजे त्या एका ओळीची खाजगी चिठ्ठी. पार्ट काढल्यावर व्हायोलिनला सिस्टिमचा टेम्पोही मिळाला आणि चिठ्ठीही मिळाली. दोनदा येणारच. शिवाय सॉफ्टवेअर गाणं वाजवून दाखवतं तेव्हा, म्हणजे प्लेबॅकमध्ये, त्या चिठ्ठीतला आकडा वाचला जात नाही. उद्या खरा टेम्पो ८० वरून ८४ केलात तर व्हायोलिनच्या चिठ्ठीवर ८० तसाच राहणार. तालमीत असले घोटाळे सापडायला अर्धा तास जातो आणि दोष मुलांवर येतो.

याच्या उलट चूकही मी पुष्कळांच्या फाइलीत बघतो. सिबेलियसमध्ये कंट्रोल-टी दाबून टेम्पो टाइप करतात. ती टेक्निकची शैली, एका ओळीची. टेम्पोला कंट्रोल-ऑल्ट-टी लागतं. मग स्कोअरमध्ये सगळं ठीक, आणि ज्या ओळीवर टाइप केला ती सोडून कुणाच्याच पार्टवर टेम्पो नाही. तालमीत वादक विचारतात, ‘सर, वेग काय?’ आणि आपण म्हणतो, ‘लिहिलाय की!’

तर खूण एकच ठेवायची, आणि ती किती ओळींवर दिसावी हे सॉफ्टवेअरला सांगायचं. मूसस्कोअर ४.५ पासून याची सोय आहे. डाव्या बाजूच्या लेआउट पॅनेलमध्ये (पूर्वी याला इन्स्ट्रुमेंट्स म्हणायचे) पहिल्या व्हायोलिनची ओळ निवडा आणि सिस्टिम मार्किंग्ज जोडण्याचं बटण दाबा. व्हायोलिनच्या वर एक वेगळी पट्टी तयार होते आणि टेम्पो तिथंही दिसायला लागतो. ही नक्कल नाही, तोच टेम्पो दोन ठिकाणी दिसतोय. एकीकडं आकडा बदला, दुसरीकडं बदलतो. पार्टमध्ये एकदाच येतो. तुमच्याकडं जुनी आवृत्ती असेल तर एवढ्यासाठी नवी उतरवून घ्या, फुकटच आहे. मूळ फाइलीची प्रत मात्र बाजूला ठेवा, कारण नव्या आवृत्तीत जपून ठेवलेली फाइल जुनीत परत उघडेल याची खात्री धरू नये.

शाळेच्या कॉम्प्युटरवर नवं काही टाकायची परवानगी नसेल, हेही होतं, तर मग नाइलाजानं स्टाफ टेक्स्टची चिठ्ठी चालवा, पण व्हायोलिनचा पार्ट उघडून तिथं ती चिठ्ठी निवडून व्ही दाबा म्हणजे ती छापली जाणार नाही. आणि पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवा की असल्या चिठ्ठ्या किती आहेत. पंधरा दिवसांनी आठवत नाही.

बाकीच्या सॉफ्टवेअरचं थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या ओळखीत कुणी वापरत असेल तर फाइल तिकडून येऊ शकते. सिबेलियसमध्ये अपिअरन्समधल्या हाउस स्टाइलमध्ये सिस्टिम ऑब्जेक्ट पोझिशन्स नावाची खिडकी आहे, तिथं ओळी निवडायच्या. डोरिकोत लेआउट ऑप्शन्समध्ये वाद्यांच्या कुळानुसार ठरवता येतं, आणि स्कोअरसाठी एक, पार्टसाठी दुसरं असंही. या बाबतीत डोरिको मला सगळ्यांत शहाणं वाटतं. फिनालेत टेम्पो मार्क्स हा एक्स्प्रेशनचा प्रकार असतो आणि तो कुठं दिसावा ते स्कोअर लिस्टनं ठरतं. पण फिनाले बनवणाऱ्या कंपनीनं ऑगस्ट २०२४ मध्ये, ३५ वर्षांनंतर, ते पुढं विकसित करणं थांबवलं. माझ्या जुन्या फाइली त्यातल्याच आहेत आणि मी त्या एकेक करून म्युझिक-एक्सएमएल या इतर सॉफ्टवेअरलाही वाचता येणाऱ्या प्रकारातून बाहेर काढतोय. त्या प्रवासात टेम्पो हमखास स्टाफ टेक्स्ट होऊन उतरतात, किंवा दिसतो टेम्पो पण प्लेबॅकला कळत नाही. अशी फाइल आली तर सगळे टेम्पो पुसून नव्यानं टाका. दुरुस्त करत बसण्यापेक्षा लवकर होतं.

मग टेम्पो किती ओळींवर दाखवायचा? पाश्चात्य ऑर्केस्ट्राच्या स्कोअरमध्ये रूढ पद्धत अशी की टेम्पो सगळ्यांत वर, म्हणजे बासरीच्या ओळीवर, आणि पुन्हा एकदा पहिल्या व्हायोलिनच्या वर. कारण सरळ आहे. पानभर वीस-पंचवीस ओळी असतात, आणि संचालकाची नजर स्ट्रिंग्जवर असताना तिला माथ्यापर्यंत चढायला लावू नये. समूहगानाला पियानोची साथ असेल तर आवाजांच्या वर आणि पुन्हा पियानोच्या वर लिहितात, म्हणजे साथीदाराला त्याच्या हाताजवळ दिसतं. तुमच्या आठ ओळींना वर एक आणि पहिल्या व्हायोलिनवर एक, एवढं पुरे. हार्मोनियमवर तिसरा नको. चार ओळींचा स्कोअर असता तर मी एकच ठेवला असता. टेम्पो जास्त ठिकाणी लिहिला म्हणून जास्त पाळला जात नाही, उलट पानावर गर्दी झाली की नजर तो वगळायला शिकते.

उंचीबद्दल फार बोलत नाही. फॉरमॅटमधल्या स्टाइलच्या खिडकीत टेम्पोचं स्वतंत्र पान आहे. स्टाफपासून किती वर आणि शेजारच्या गोष्टींपासून कमीत कमी किती अंतर, हे तिथं एकदा ठरवा, सगळीकडं लागू होतं. एखाद-दुसऱ्या जागी तारसप्तकातला सूर खालून धडकत असेल तर तेवढ्यापुरतं वर सरकवलं तरी चालेल. वर-खाली ओढणं हा लहान गुन्हा, डावी-उजवीकडं ओढणं मोठा. आडवी जागा म्हणजे वेळ आहे ना.

आडव्या जागेचा एक नियम डोक्यात ठेवा. गाण्याच्या सुरुवातीला टेम्पोचं पहिलं अक्षर तालाच्या आकड्यांच्या डाव्या कडेशी जुळतं, पहिल्या नोटेशी नाही. मध्येच वेग बदलला आणि तिथं तालाचे आकडे नसतील तर ज्या नोटेपासून बदल, तिच्या डोक्यावर. मूसस्कोअर हे आपणहून करतं. तुम्ही पाठवलेल्या पहिल्या पानाच्या चित्रात टेम्पो पहिल्या नोटेवर सरकलेला दिसतोय, तो बहुतेक कुणीतरी ‘नीट’ करायला ओढलाय. कंट्रोल-आर.

‘रिट.’ आणि ‘ॲक्सेल.’ (हळूहळू वेग वाढवा) यांचं वेगळं प्रकरण. मूसस्कोअर ४ डिसेंबर २०२२ मध्ये आलं तेव्हापासून यांच्या खऱ्या रेघा टेम्पोच्या पॅलेटमध्ये मिळतात. जिथून मंद व्हायचं तिथपासून जिथवर व्हायचं तिथपर्यंतच्या नोटा निवडायच्या आणि मग पॅलेटमधली ‘रिट.’ दाबायची. शब्द, त्यापुढं तुटक रेघ, आणि प्लेबॅकही खरोखर मंदावतं. याला खुंटे दोन, सुरुवातीचा आणि शेवटचा, त्यामुळं पानाचा आकार बदलला तरी रेघ आपल्या नोटांबरोबर ताणली-आखडली जाते. तुम्ही ‘रिट.’ नुसती टाइप केलीय, म्हणून ती सरकली. ती पुसून रेघ टाका. आणि रेघेनंतर ‘अ टेम्पो’, म्हणजे पुन्हा मूळ वेगात, हे लिहायला विसरू नका. मोठ्यांना ते सांगावं लागत नाही, पण मुलं मंद झाली की मंदच राहतात.

जुन्या फाइलीत याच कामासाठी लोक प्रत्येक ठोक्यावर एकेक टेम्पो टाकून तो लपवायचे. ७६, ७२, ६६, ५८. लपवलेला टेम्पो छापत नाही, पण प्लेबॅकला लागू राहतो, आणि ही सोय काही वेळा कामाची आहे. तुमच्या फाइलीत ध्रुवपद दुसऱ्यांदा येताना प्लेबॅक अचानक हळू का होतं, असंही तुम्ही लिहिलंय. व्ह्यूमध्ये जाऊन लपलेल्या गोष्टी दाखवायला सांगा. कुठंतरी राखाडी रंगातला टेम्पो दबा धरून बसलेला असेल.

तालमीच्या खुणांची, म्हणजे चौकटीतल्या अ, ब, क अक्षरांची आणि टेम्पोची टक्कर होते असं तुम्ही म्हणता. दोन्ही सिस्टिमच्याच गोष्टी, दोघांनाही माथ्यावरची जागा हवी. चौकट वर, टेम्पो तिच्या खाली, किंवा चौकट डावीकडं आणि टेम्पो तिला लागून उजवीकडं. मला दुसरी मांडणी आवडते, जागा वाचते. काहीही करा, पण पूर्ण गाण्यात एकच ठेवा आणि स्टाइलमधून करा.

आता तुमच्या प्रश्नातला जो भाग मला खरा गोड वाटला, तो तबल्याचा.

तुमचं गाणं दादऱ्यात, स्कोअरमध्ये ते सहा-आठात लिहिलंय, आणि टेम्पो लिहिलाय डॉटेड क्वार्टर बरोबर ६०. वाचणाऱ्या व्हायोलिनवाल्याला हे बरोबर कळतं, बारमध्ये दोन मोठे ठोके, एका सेकंदाला एक. पण तबलजीच्या हिशेबात दादऱ्याच्या सहा मात्रा, आणि त्याची एक मात्रा म्हणजे तुमची एट्थ नोट. एका मोठ्या ठोक्यात तीन मात्रा, म्हणजे मिनिटाला १८० मात्रा. त्याच्या कागदावर ‘६०’ दिसला तर तो मात्रेला ६० धरणार आणि दादरा अंत्ययात्रेच्या लयीत सुरू करणार. यात त्याची चूक काहीच नाही. आकडा त्याच्या भाषेत लिहिलेलाच नव्हता. केरव्याचं तर आणखी मजेशीर. तीच लय कुणी आठ मात्रांत मोजतं, कुणी चारांत, म्हणजे तोच आकडा एकाला दुप्पट वाटतो.

मघाशी स्टाफ टेक्स्टची चिठ्ठी नको म्हटलं. इथं ती हवी. तबल्याच्या ओळीवर स्टाफ टेक्स्ट टाका: ‘दादरा, मात्रा = १८०’. ती एका ओळीची खाजगी चिठ्ठीच आहे, आणि तिनं दुसऱ्या कुणाच्या पार्टवर जायला नकोय. सिस्टिमचा डॉटेड क्वार्टरवाला टेम्पो तबल्याच्या पार्टमध्ये निवडून व्हीनं लपवा, म्हणजे दोन आकडे एकमेकांना भिडणार नाहीत. लय तीच असते, फक्त प्रत्येकाला त्याच्या मोजण्यात सांगायची.

एक सूचना. खऱ्या टेम्पोच्या खुणेत आकडा इंग्रजी अंकांतच (1, 2, 3) टाका. सॉफ्टवेअर देवनागरी आकडा वाचून प्लेबॅकचा वेग बदलेल या भरवशावर राहू नका. चिठ्ठीत देवनागरी चालेल, ती माणसानं वाचायचीय. आणि टेम्पोच्या खुणेत मराठी शब्द लिहिणार असाल, ‘मध्य लय’ वगैरे, तर फाँट देवनागरीचा निवडा, नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर चौकोन दिसतील. छापायला देताना नेहमी पीडीएफ द्या, मूळ फाइल नाही.

शब्दांवरून आठवलं. नुसतं ‘विलंबित’ किंवा ‘मध्य’ लिहून भागेल का, असं तुम्ही विचारलंय. आपल्या भागात तर नक्कीच नाही. कोल्हापूर अल्लादियाखाँसाहेबांचं, शाहू महाराजांच्या दरबारातलं. जयपूर-अत्रौली गायकीत विलंबितही तसा चालता असतो, फार संथ जात नाही. आणि इथून गाडीनं तासाभरावर मिरज, अब्दुल करीमखाँसाहेबांचं. तिथल्या किराणा घराण्याच्या विलंबितात एक मात्रा संपेपर्यंत माणूस चहा ओतून घेईल. दोन्हीकडं शब्द एकच. तुमचे व्हायोलिनचे सर कुठल्या घराण्यात शिकले त्यावर ‘विलंबित’ म्हणजे काय हे ठरणार असेल तर तो शब्द मुलांच्या कागदावर एकटा सोडू नका. शेजारी आकडा हवाच. पाश्चात्यांचंही हेच झालं होतं. ‘अलेग्रो’, म्हणजे जलद, पण नेमकं किती यावर एकमत नव्हतं. माल्झेलनं १८१५ मध्ये मेट्रोनोम या ठरलेल्या वेगानं ठोके देणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि बीथोव्हननं १८१७ मध्ये आपल्या आधीच्या सिंफनींचे आकडे छापून टाकले. त्यातले काही आकडे इतके वेगवान आहेत की त्यावरून लोक अजून भांडतात, ते सोडा.

(आमच्या एका विद्यार्थ्यानं मात्र वेगळीच शंका काढली होती. त्याला म्हटलं, पानावर लय लिही. तो म्हणाला, ‘लय कशाला सर, थोडंच लिहितो की!’ कोल्हापुरात हा शब्द जपूनच वापरावा लागतो.)

आता तुमच्या फाइलीपुरता क्रम सांगतो. आधी प्रत काढा. सगळे टेम्पो निवडून कंट्रोल-आर. एक टेम्पोची खूण निवडून राइट-क्लिकनं ‘सिलेक्ट’मधून तशाच सगळ्या निवडता येतात, एकेक शोधत बसू नका. मग बारा नंबरच्या बारमधला आणि अंतऱ्याआधीचा, असे जे भलतीकडं उडतील ते उचलून योग्य नोटेवर ठेवा. व्हायोलिनच्या वरच्या टाइप केलेल्या चिठ्ठ्या पुसा, लेआउट पॅनेलमधून पट्टी जोडा. ‘रिट.’ पुसून रेघ टाका. तबल्याची चिठ्ठी. आणि शेवटी, हे विसरू नका, पानाचा आकार मुद्दाम ए-थ्री करून बघा, मग परत ए-फोर. दोन्हीकडं टेम्पो त्याच नोटेच्या डोक्यावर असतील तर फाइल पक्की झाली. मी माझी प्रत्येक फाइल बाहेर द्यायच्या आधी ही उलटसुलट करून बघतो, त्या क्लॅरिनेटच्या दिवसापासून.

पार्टही एकेक उघडून बघा. विशेषतः बासरीचा, कारण तिला सुरुवातीला आठ बार विश्रांती आहे. पार्टमध्ये रिकामे बार एकत्र जोडून त्यावर ‘८’ लिहिला जातो. त्या आठांच्या मध्ये कुठं टेम्पो बदलत असेल तर सॉफ्टवेअर तो जोड तिथं तोडतं, पाच आणि तीन असं काहीतरी, आणि ते बरोबरच आहे. वादकानं मोजताना वेग बदलल्याचं त्याला कळायला हवं. पण जोड तुटलाय आणि तिथं वर काहीच दिसत नाही, असं असेल तर तो कशामुळं तुटलाय ते शोधा.

राहिली ढोलकी. तुम्ही लिहिलंय की ढोलकीवाले मामा नोटेशन वाचत नाहीत, त्यांच्या पार्टवर टेम्पो कुठं टाकू? त्यांना पार्ट देऊच नका. त्यांची ओळ स्कोअरमध्ये राहू दे, तुमच्या सोयीसाठी. तालमीच्या पहिल्या दिवशी मोबाइलवरचा मेट्रोनोम १८० ला लावून त्यांना दोन आवर्तनं ऐकवा, आणि ‘रिट.’ आली की तुमच्याकडं बघायला सांगा. गाणं त्यांना दुसऱ्या तालमीत पाठ होईल. तुमच्या स्कोअरमधला टेम्पो चुकलेला असेल तर तो बहुतेक तेच आधी सांगतील.